बाटलीतली हवा

"काका, हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का?"

पैज अशी होती की प्रश्न सगळ्या वर्गासमोर विचारायचा, आवाज शेवटच्या मुलीपर्यंत खणखणीत पोचला पाहिजे, मध्येच फिसकन हसायचं नाही, आणि मुख्य म्हणजे 'बाबा' म्हणायचं नाही, 'काका' म्हणायचं. शेवटची अट भोंग्याने घातली होती. भोंगा म्हणजे तिच्या बाकावरची मुलगी, जी कुजबुजली तरी शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. भोंग्याचं म्हणणं असं, की स्वतःच्या बापाला बाबा म्हणून कुणीही काहीही विचारेल, त्यात काय मोठंसं. परक्या माणसाला विचारल्यासारखं विचारून दाखव, तर तू खरी तोफ. तोफ हे तिचं नाव तसं ताजंच होतं, अजून रंग वाळायचा होता. आदल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज 'बाहेर येऊ की नको' असं विचारत घशातच घोटाळायचा. मग शाळेच्या नाटकात ऐन वेळी एक मुलगी तापाने पडली, हिला कुणीतरी मागून ढकललं, आणि उजेडात उभी राहिल्यावर तोंडून जो आवाज निघाला तो आपलाच आहे हे तिला टाळ्या पडल्यावर कळलं. तेव्हापासून तिला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला नवीकोरी सायकल दिली आहे आणि ती प्रत्येक उतारावरून हात सोडून चालवून बघायलाच हवी.

म्हणून तिने विचारलं. पण विचारता विचारताच, 'प्याल' आणि 'का' यांच्यामधल्या इवल्याशा फटीत, तिला वाटलं, हे आत्ता नको होतं. शब्द तर निघून गेला होता. पंपांच्या घरघरीवरून, मुलींच्या डोक्यांवरून तो थेट बाबांच्या छातीवर जाऊन आदळला. पिवळं हेल्मेट घातलेले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेले बाबा बोलता बोलता वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. घरी ते असे बघत नसत. घरी ते तिच्याकडे बघायचे तेव्हा निम्मं लक्ष वर्तमानपत्रात असायचं. इथे ते तिच्याकडे पूर्ण पाहत होते, आणि तरीही ओळख दाखवत नव्हते, जणू पैज त्यांनाही कुणीतरी आधीच समजावून सांगितली होती. मग ते हसले आणि म्हणाले, "का नाही, ताई? तुम्ही विचारायचा अवकाश." ताई! तुम्ही! मुली खिदळल्या. बाबांनी फळीवरचा पेला घेतला, विसळला, साफ होऊन निघालेल्या पाण्याच्या शेवटच्या नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि डोकं मागे टाकून घटाघट पिऊन टाकला. मिशी पुसली. पेला उलटा करून दाखवला, एक थेंब खाली पडला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "बघा मुलींनो, याला म्हणतात कामावरचा विश्वास!" भोंग्याने तिच्या पाठीत असा काही धपाटा घातला की ती पुढच्या मुलीवर पडली. ती हसली, तिनेही टाळ्या वाजवल्या. पण त्या पेल्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही.

कारण जरा वेळापूर्वी तिने बाटली पाहिली होती.

सहल म्हणून आणलं होतं त्यांना तिथे. सहल म्हणायला तिथे होतं काय, तर तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, एक उंच मनोरा आणि दोन जाडजूड टाक्या. पूर्वी त्या जागी कारखाना होता. यंत्रांचे तेलकट भाग तिथे कसल्याशा द्रावणात बुचकळून लख्ख धुवायचे, आणि वापरून झालेलं द्रावण मागच्या खड्ड्यात ओतायचे. वर्षानुवर्षं ओतलं. त्याला सगळे 'औषध' म्हणत, का कोण जाणे, कुणाला त्याने बरं वाटल्याचं ऐकिवात नव्हतं. औषध जमिनीत मुरलं, खालच्या पाण्यात उतरलं, आणि उताराउताराने खालच्या गल्लीतल्या विहिरींपर्यंत गेलं. मग कारखाना उठून गेला आणि औषध राहिलं. मग कुंपण आलं, पंप आले, आणि बाबा आले. बाबा जमिनीतलं पाणी वर खेचत, मनोऱ्याच्या टोकावरून खाली सोडत. खालून पंखा वारा मारे आणि पाण्यातलं बरंचसं औषध वाऱ्याबरोबर उडून जाई. उरलंसुरलं टाक्यांमधला बारीक काळा कोळसा शोषून घेई, पहिल्या टाकीतून सुटलं तर दुसरीत. तिथून निघालेलं पाणी एका वेगळ्या बोअरमधून पुन्हा जमिनीत, खालच्या गल्लीच्या दिशेने. "आणि कोळसा भरला की त्याचं काय करता?" एका मुलीने विचारलं होतं. "पिंपात बंद करून दूर पाठवतो," बाबा म्हणाले. "दूर म्हणजे कुठे?" "दूर." तिला लहानपणी वाटायचं, दूर नावाचं एक गाव असणार आणि तिथली माणसं रोज सकाळी दार उघडून बघत असणार, आज काय आलं.

तर बाटली. तपासणीला पाठवायच्या पाण्याची बाटली कशी भरायची हे या जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल, कारण हा तिचा आणि बाबांचा खेळ होता. ती इतकी लहान होती की ओट्यापर्यंत पोचायला तिला स्टूल लागायचं, तेव्हा बाबा कामावरून बोटभर लांबीच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या नळावर तिला शिकवायचे. बाटली तिरकी धर. धार केसासारखी बारीक ठेव. पाणी काचेच्या अंगावरून घसरलं पाहिजे, आवाज करता कामा नये, पाण्याला कळतासुद्धा कामा नये की आपल्याला कुणी उचललंय. गळ्यापर्यंत आलं तरी थांबायचं नाही, तोंडावर पाण्याची टेकडी उभी राहीपर्यंत भरायचं, आणि मग झाकण वरून नाही, बाजूने सरकवायचं. आता उलटी कर. टिचकी मार. बुडबुडा दिसला तर तू हरलीस. ती हरायची, चिडायची, पुन्हा भरायची. एकदा सगळी दुपार तिने यात घालवली आणि शेवटी एक बाटली अशी भरली की उलटी केली, सुलटी केली, डोळ्याला लावली, तरी आत काहीच हललं नाही, बाटली आहे की काचेची कांडी ते कळेना. बाबांनी तिला उचलून आढ्यापर्यंत नेलं होतं. "एवढुशा हवेने काय होतं?" तिने वरूनच विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "औषध लई पळकुटं असतं, बाळा. पाण्यात बसायला त्याला आवडत नाही. जरा हवा दिसली की पाणी सोडून तिच्यात जाऊन बसतं. मग तपासणारा पाणी तपासतो, आणि म्हणतो, अरे वा, स्वच्छ आहे की!" हे सांगताना ते इतके हसले होते की तिला वाटलं होतं, जगातली सगळ्यात मूर्ख माणसं म्हणजे बाटलीत हवा ठेवणारी माणसं.

आणि त्या सकाळी, सगळ्या वर्गासमोर, बाबांनी शेवटच्या नळाचं पाणी आधी प्लॅस्टिकच्या जगमध्ये घेतलं. जग डोक्याएवढा उंच धरला आणि वरून धबधब्यासारखी धार बाटलीत सोडली. फेस झाला, खळखळ झाली, अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. मुली 'ओऽऽ' करून ओरडल्या, त्यांना ते जादूच्या प्रयोगासारखं वाटलं. बाबांनी झाकण फिरवलं, वरून, गच्च, आणि बाटली बर्फाच्या डब्यात आडवी ठेवली. आडवी होताना आत हरभऱ्याएवढा एक बुडबुडा झाकणापासून बुडापर्यंत धावत गेला, गवंड्याच्या पाणसळीत धावतो तसा, आणि मध्यावर येऊन थांबला. सगळं कसं सपाट आहे, असं सांगत. तिला आधी वाटलं, बाबा हरले! ओरडून सांगावं, बाबा, हरलात! मग वाटलं, मुलींना दाखवायचं म्हणून केलं असेल, खरी बाटली नंतर भरतील. पण बाबांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, खालच्या गल्लीकडे जाणाऱ्या पाण्याच्या शेवटच्या तपासणीची, आणि डब्याला कुलूप लावलं. तेवढ्यात भोंग्याचं कोपर तिच्या बरगडीत बसलं, "चल तोफ, उडव!" आणि ती उडाली.

परतताना सगळ्या तिच्याभोवती. तुझे बाबा म्हणजे हिरो आहेत. तुझे बाबा काय घटाघट प्यायले ग. सगळ्यात जास्त बोलत होती सुतळी. सुतळी इतकी बारीक होती की वाऱ्याच्या दिवशी तिने दप्तर घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, असं सगळे म्हणत. ती खालच्या गल्लीत राहायची. तिच्या अंगणातल्या विहिरीवर लोखंडी झाकण होतं आणि झाकणावर लाल कवटी रंगवलेली होती. सुतळीला रांगता येत नव्हतं तेव्हापासून ती कवटी तिथे होती. ही शेवटची तपासणी चांगली आली की रविवारी झाकण निघणार होतं. "मी आत्ता घरी जाऊन सगळ्यांना सांगते," सुतळी म्हणाली, "आमच्या गल्लीतले म्हातारे फार शंकेखोर आहेत. म्हणतात, कागदावर काय, कुणीही काहीही लिहील. आता सांगते, अहो, त्या माणसाने भरल्या पेल्याने पिऊन दाखवलंय, माझ्या डोळ्यांदेखत! आता कुठे जातील?" आणि तिने तोफेच्या दंडाला घट्ट मिठी मारली. "तू विचारलंस म्हणून ग. मी तर मेले असते, पण विचारलं नसतं."

घरी आई खोकी करत होती. चपटे पुठ्ठे उघडून त्यांना चिकटपट्टी लावायची, की खोकं. घरात जिकडेतिकडे खोकी तोंड वासून बसली होती. इथलं काम संपलं की बाबांची बदली होणार होती, मोठ्या शहरात, आणि त्या शहरात एक शाळा होती जिला स्वतःचं नाट्यगृह होतं, खऱ्या पडद्याचं, खऱ्या दिव्यांचं. तिने त्या शाळेचे फोटो इतक्या वेळा पाहिले होते की तिथल्या जिन्याचा कठडा कुठे वळतो ते तिला पाठ होतं. काम कधी संपायचं? खालच्या गल्लीची तपासणी चांगली आली की. म्हणजे तो हरभऱ्याएवढा बुडबुडा तिच्यासाठीसुद्धा होता. त्या बुडबुड्यात ते नाट्यगृह मावत होतं, पडदा, दिवे, सगळं. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचा इतका राग आला की तिने एका खोक्याला लाथ मारली. "काय झालं ग?" आई म्हणाली. "बाबांनी पाणी प्यायलं आज. शेवटच्या नळाचं. सगळ्यांसमोर. मी विचारलं म्हणून." चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज मध्येच थांबला. आईने वर पाहिलं नाही. ती पट्टीचं टोक नखाने शोधत राहिली, सापडेना, पुन्हा पुन्हा गोल फिरवत राहिली. मग म्हणाली, "सगळं प्यायले?" नुसतं एवढंच. प्यायले का, असं नाही. का प्यायले, असंही नाही. सगळं प्यायले? आणि तिला कळलं की आईला माहीत आहे. घरात एक गोष्ट होती, ती जेवताना ताटांच्या मधे बसत होती, झोपायच्या आधी दिव्यांबरोबर मालवली जात होती, आणि तोफ एकटीच त्या गोष्टीकडे न बघता इकडून तिकडे नाटकातली वाक्यं म्हणत फिरत होती.

नंतरचे दिवस तिने कसे काढले तिलाच ठाऊक. आतल्या आवाजाला गप्प करायचे जेवढे उपाय असतात तेवढे तिने केले. म्हणाली, बाबांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणाली, बुडबुडा बारीकच होता, तपासणीवाले बारीक बुडबुडा चालवून घेतात. म्हणाली, त्यांनी प्यायलं ना? विष असतं तर कुणी पितं का? आणि इथे येऊन ती दर वेळी अडायची. कारण औषध असं नव्हतंच की पेला प्यायला आणि माणूस धाडकन पडला. ते दिसत नव्हतं, वास येत नव्हता, चव नव्हती. ते रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या आत हळूच घर करत होतं. एक पेला पिऊन काहीच सिद्ध होत नाही हे बाबांना माहीत होतं, तिला माहीत होतं. फक्त खालच्या गल्लीला माहीत नव्हतं. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं, उत्तराचा वेश घातलेलं काहीतरी मिळालं होतं, आणि तिनेच ते सगळ्यांना वाटून टाकलं होतं. नाटकात निदान शेवटी पडदा पडतो आणि मेलेले उठून उभे राहतात.

शुक्रवारी ती शाळा सुटल्यावर सुतळीबरोबर खालच्या गल्लीत गेली. घरांपुढे पाण्याची पिंपं रांगेने उभी होती, टँकरने भरलेली, प्रत्येकावर घराची खूण. सुतळीच्या अंगणात तिची आई गुडघ्यावर बसून विहिरीच्या कट्ट्याला रंग देत होती, निळा, आकाशी म्हणावा असा. "ये ग तोफे!" काकू ब्रश हलवत म्हणाल्या, "हात लावू नकोस, ओला आहे. तुझ्या बाबांना म्हणावं, रविवारी पहिला पोहरा त्यांच्या हातून काढायचा आहे आम्हाला." ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मग तिने सुतळीला घरामागे ओढून नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं: जग, धार, फेस, बुडबुडा. तोफ म्हणवणाऱ्या मुलीचा आवाज पुन्हा मागच्या वर्षीसारखा झाला होता. सुतळीने ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला.

"म्हणजे विहीर उघडू नये, असं म्हणतेस तू."

"मी म्हणते, पुन्हा तपासावं."

"पुन्हा! आणि तोवर? तुला माहितीये का, पिंपातून बादली भरून आत नेताना किती सांडतं? सांडलं की आई कशी ओरडते? केस धुवायचे तर आधी विचारावं लागतं मला. विचारावं, कळलं? तुझ्या घरात नळ आहे, म्हणून तुला सुचतंय हे सगळं."

"अग पण ते पाणी पिऊन तुला काही झालं तर..."

"तुझ्या बाबांना झालं का काही? आणि खोटं असेल तर तू टाळ्या का वाजवल्यास? मी बघितलं. तू वाजवत होतीस."

सुतळी रडत नव्हती, रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आम्हाला जरा काही चांगलं मिळालं की लगेच कुणाला तरी त्यात खोट दिसते. जा तू." आणि तोफ निघाली. अंगणातून जाताना काकूंनी विचारलं, "इतक्यात निघालीस?" तिने मान हलवली. कट्टा सुंदर दिसत होता, खरंच. इतका सुंदर की तिला तिथल्या तिथे त्यावर चिखल फेकावासा वाटला.

सुतळीचं सगळं खरं होतं. आणि तरी पाण्यात औषध होतं. रस्ताभर या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी चालत राहिल्या, एकमेकींशी न बोलता. तिला असं वाटायचं की खरं बोललं की लोक आधी चमकतात, मग डोळे पुसतात, मग आभार मानतात. ज्याला वाचवायचं तोच पाठ फिरवतो, असलं तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. सोपं होतं मग. सुतळीलाच नको आहे तर आपण कोण? खोकी भरावीत, नाट्यगृहाच्या शाळेत जावं, दूर नावाच्या गावाला आणखी एक पिंप पाठवावं. किती शहाणे, समजूतदार विचार येत होते तिला. इतके समजूतदार की ते तिचे नाहीत, कुणातरी मोठ्या माणसाने तिच्या डोक्यात आणून ठेवले आहेत, असं वाटत होतं. आणि मग तिला वाटलं, बाबांनाही असंच झालं असेल. एकदम नाही. एक एक समजूतदार विचार, केसासारख्या बारीक धारेने, आवाज न करता.

शनिवारी दुपारी बाबा मागच्या दारच्या नळावर बूट घासत होते. ती पायरीवर बसली. म्हणाली, "बुडबुडा होता."

ब्रश थांबला नाही. "कशात?"

"बाबा."

मग थांबला. बाबांनी बूट उलटा करून भिंतीला टेकवला, नीट, टाच वर. "बारीक होता."

"हरभऱ्याएवढा. आणि जगमधून ओतलंत. वरून."

"तुला कुणी सांगितलं होतं इतकं लक्ष द्यायला?"

"तुम्हीच."

बाबा हसल्यासारखे झाले, पण ते हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं. मग ते बोलू लागले, तिच्याकडे न बघता, बुटांना सांगावं तसे. दुसऱ्या टाकीतला कोळसा संपला होता, शोषून शोषून भरला होता. आता एका बाजूने गेलेलं औषध दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होतं. त्यांनी नवा कोळसा मागितला. पुन्हा मागितला. साहेब फोनवर म्हणाले, अहो, किती वर्षं चालवायचं हे, आता संपवा. म्हणाले, तुम्ही जुने माणूस आहात, बाटली कशी भरायची ते तुम्हाला मी सांगू का? बस, एवढंच म्हणाले. यात त्यांनी काय सांगितलं? काहीच नाही सांगितलं.

"पण किती आहे पाण्यात?"

"थोडंच."

"थोडं म्हणजे?"

"दिसणार नाही इतकं."

"दिसत नाही म्हणूनच तर बाटल्या भरतात ना, बाबा!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील." बाबांनी दुसरा बूट हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "खालचे लोकच मागे लागलेत, कधी उघडता, कधी उघडता. टँकर येतो तेव्हा त्यांची भांडणं बघितलीस कधी? मी बघतो. त्यांना हवंय, साहेबांना हवंय, तुझ्या आईला इथून निघायचंय, तुला ती शाळा हवीय. एकट्या मला नको असून काय उपयोग?"

"मग प्यायलात कशाला?"

"तू विचारलंस."

"मी पैजेवर विचारलं होतं!"

"मला काय माहीत? सगळ्या पोरींसमोर माझी मुलगी मला विचारते, पिता का म्हणून. नाही म्हटलं असतं तर तू काय समजली असतीस?" त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "काका म्हणालीस मला. क्षणभर वाटलं, बरं झालं. काका असतो तर सोपं होतं."

तिला वाटलं, आता जवळ जावं, त्यांच्या ओल्या बाहीवर डोकं ठेवावं, म्हणावं जाऊ दे बाबा. तिचं अंग तसं पुढे झुकलंसुद्धा. आणि त्याच वेळी तिला त्यांचा राग आला, इतका कडू की जिभेच्या मुळाशी चव लागली; कारण बाबा वाईट असते तर किती बरं झालं असतं. वाईट माणसांशी लढायला तिला आवडलं असतं, तिच्याकडे त्यासाठी आवाज होता, हातवारे होते, सगळं होतं. पण हे असं, ब्रश हातात धरून बसलेलं, थकलेलं, तिच्यासाठी विष प्यायलेलं आणि तिच्यासाठीच दुसऱ्यांना पाजायला निघालेलं माणूस, याचं काय करायचं हे कुठल्याही नाटकात लिहिलेलं नव्हतं. "पुन्हा भरा बाटली," ती म्हणाली. "पाठवली," बाबा म्हणाले. "निकालही आला सकाळी. स्वच्छ आहे." आणि त्यांनी नळ सोडला.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. आईने ताटं वाढली, खोक्यात न गेलेली शेवटची तीन. बाबा खाली बघून जेवत होते. आईने तिच्या ताटात न विचारता आणखी वाढलं, आजारी माणसाला वाढतात तसं, आणि म्हणाली, "उद्या तू घरीच थांब. तिथे गर्दी असेल."

ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकली त्याचा केवढा तरी आवाज झाला. तिला वाटलं होतं, हे बोलताना आपण थरथरू किंवा रंगमंचावर उभं राहतो तसं छान उभं राहू. दोन्हींतलं काही झालं नाही. आवाज साधाच निघाला, दुकानात साबण मागावा तसा.

"मी उद्या खालच्या गल्लीत जाणार आहे. झाकण काढायच्या आधी. दुसरी टाकी गेलेली आहे हे सांगणार आहे, पाणी वरून ओतलं ते सांगणार आहे, बाटलीत हवा ठेवली ते सांगणार आहे. सुतळी माझ्याशी बोलणार नाही. काकू मला हाकलतील. मी तरी सांगणार आहे."

"तुझ्या बाबांची नोकरी जाईल," आई म्हणाली.

"हो."

"ती शाळा..."

"नाही जाणार मी त्या शाळेत."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास हातात धरला होता, तो ना तोंडात जात होता ना ताटात उतरत होता. शेवटी आईच हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाली, "सांगायचंच असेल तर साहेबांनी करायला लावलं म्हणून सांग ग. साहेबांचं नाव घे."

"साहेबांचं नाव मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "या घरात ते कुणी कधी घेतलंच नाही. मला फक्त बाबांचं माहीत आहे. मी तेच घेणार आहे."